गाडी बघितली कुणी?

जपानच्या लिलावातली एक वापरलेली गाडी लेक घेणार होती; तिच्या तपासणीचा, लेकीने न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनहून पाठवलेला कागद मी अण्णांना टॅबवर उघडून दिला, तेव्हा त्यांनी किंमत विचारली नाही, रंग विचारला नाही, गाडी किती चाललीय तेही विचारलं नाही. दोन बोटांनी कागद मोठा करून या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सरकवत बराच वेळ बघत बसले. संध्याकाळची वेळ होती. खाली नाशिकच्या गंगापूर रोडवर हॉर्नचा कलकलाट, आत कुकरची दुसरी शिट्टी. मग चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "गाडी बघितली कुणी?" मी म्हटलं, लिलावाच्या जागी तपासणारी माणसं असतात, त्यांच्यातल्या कुणीतरी. "कुणीतरी म्हणजे कोण? नाव काय त्याचं?" नाव मला सापडलं नाही. कागद सगळा जपानी, असलंच तर त्या अक्षरांत कुठेतरी असेल. अण्णा "बरं" म्हणाले, टॅब पालथा ठेवला आणि हात धुवायला उठले. ते "बरं" पुढे कितीतरी दिवस माझ्या डोक्यातून जाईना.

लेक तिथे एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. रात्रपाळ्या असतात, बस लवकर बंद होतात आणि जून-जुलैत पहाटे इतकं धुकं असतं म्हणते की पुढचा दिवा दिसत नाही. गाडी हवीच होती. नवी घेण्याइतके पैसे नाहीत, कर्ज काढायचं नाही, म्हणून जपानहून वापरलेली. न्यूझीलंडमध्ये यात काहीच विशेष नाही. १९८०च्या दशकाच्या शेवटी त्या देशाने जपानी जुन्या गाड्यांवरची बंधनं सैल केली, १९९८ मध्ये गाड्यांवरचं आयातशुल्कच काढून टाकलं, आणि त्याच वर्षी पोरिरुआ, थेम्स, नेल्सन इथले गाड्या जुळवणारे शेवटचे कारखाने एकामागून एक बंद झाले. लेकीने हे सहज सांगितलं, पण मी सातपूरच्या वाटेवर वाढलेली मुलगी आहे. महिंद्राच्या गेटमधून शिफ्ट सुटताना डबे हलवत बाहेर पडणारी माणसं मी लहानपणापासून बघितली आहेत. त्या तीन गावांत शेवटची शिफ्ट सुटली त्या दिवशी चहाच्या टपरीवर काय बोलणं झालं असेल, हा विचार आल्याशिवाय राहिला नाही. स्वस्त गाडी कुणाला तरी महाग पडलेली असते. लेकीला मी हे बोलले नाही. तिला रात्री अकराला घरी पोचायचं असतं.

आता तो कागद. एकाच पानाचा. वर गाडीची कुंडली: टोयोटा अ‍ॅक्वा, दीड लिटरचं इंजिन, हायब्रिड. कोपऱ्यात चौकटीत ग्रेड, ४. तिच्याशेजारी आतल्या भागाची ग्रेड, बी. खाली गाडीची चारी बाजूंनी उलगडून सपाट केलेली रेघांची आकृती, आणि त्या आकृतीवर हाताने लिहिलेल्या खुणा. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे पत्रा ठोकून सरळ केल्यावर त्यावर राहिलेली लाट, एस म्हणजे गंज, एक्सएक्स म्हणजे तो भाग बदललेला. पुढे १, २, ३ असा आकडा. आकडा वाढला की दोष मोठा. दार, बॉनेट, फेंडर बदललेला असला तरी गाडी अपघाताची धरत नाहीत; पण पिलर, क्रॉस मेंबर, आतला सांगाडा यांना हात लागला असेल तर ४ किंवा साडेचार मिळायचं नाव नाही, तिथे सरळ आर पडतो, म्हणजे अपघातानंतर दुरुस्त केलेली. मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. विकणाऱ्याने गाडीचं कौतुक करायला एक स्वतंत्र चौकट आहे, आणि तपासणाऱ्याने दोष लिहायला दुसरी. दोघांचं बोलणं एकमेकांत मिसळत नाही. मालकाने वरच्या चौकटीत नेव्हिगेशन आहे, मागचा कॅमेरा आहे असं लिहिलेलं, आणि खालच्या चौकटीत त्या दुसऱ्या माणसाने घाईघाईच्या अक्षरात आपलं काय ते लिहिलेलं.

अण्णा सातपूरच्या मायकोत इन्स्पेक्शनला होते. कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं तरी आमच्या घरात ती मायकोच राहिली. डिझेल इंजिनात इंधन फवारणाऱ्या नोझलमधली सुई आणि तिचं घर यांच्यातली फट काही मायक्रॉनांची असते. केस त्यामानाने कितीतरी जाड. अण्णांच्या सदऱ्याला टेस्टिंगच्या तेलाचा वास यायचा, आई तो सदरा वेगळा भिजवायची. त्यांनी पास केलेलं नोझल कुठल्या ट्रॅक्टरमध्ये, कुठल्या ट्रकमध्ये बसणार ते त्यांना कधी कळत नसे. पण भुसावळच्या पुढे रात्री कुणाचा ट्रक बंद पडलेला दिसला की ते एसटीच्या खिडकीतून वळून वळून बघत. म्हणून त्यांना तपासणाऱ्याचं नाव हवं होतं. आपल्याच धंद्यातल्या माणसाची चौकशी होती ती. मला हे कळायला वेळ लागला.

दोन दिवसांनी त्यांनी टॅब पुन्हा मागून घेतला. या वेळी भिंग घेऊन. मागच्या बंपरच्या खालच्या कडेला, वाकून बघितल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, ए१ लिहिलेलं होतं. अण्णांनी त्यावर बोट ठेवलं. "हा माणूस गुडघ्यावर बसलाय इथे. घाईत आहे, पण बसलाय."

लिलाव म्हटला की नाशिककराच्या डोळ्यापुढे लासलगाव येतं. माझं आजोळ निफाडकडचं, त्यामुळे ट्रॅक्टरांची ती रांग, कांद्याच्या टरफलांनी लालसर झालेली हवा, आणि व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसऱ्या ट्रॉलीकडे सरकताना होणारा तो गलका माझ्या कानात पक्का बसलाय. व्यापारी ट्रॉलीत कोपरापर्यंत हात घालतो, खालचा कांदा वर काढतो, दाबतो, वास घेतो, आणि अर्ध्या मिनिटात भाव पुकारून मोकळा. शेतकऱ्याच्या चार महिन्यांचा निकाल त्या अर्ध्या मिनिटात लागतो. पुढे खळ्यावर ट्रॉली रिकामी करताना खालचा माल हलका निघाला, असं म्हणून वांधा काढला जातो आणि ठरलेला भाव खाली येतो. मामा बोलायचे ते लिलावापेक्षा या वांध्याबद्दलच जास्त. जपानात नोडा नावाचं गाव आहे, चिबा प्रांतात. तिथे यूएसएस या लिलाव कंपनीचं टोकियो केंद्र दर गुरुवारी लिलाव भरवतं, आणि एका दिवसात दहा हजारांहून जास्त गाड्या पुकारल्या जातात. गलका नाही. लांबच लांब बाकांवर बसलेले लोक पडद्याकडे बघत बटण दाबतात, एकेका गाडीचा सौदा काही सेकंदांत संपतो. वेग लासलगावचाच. फरक असा, की बटण दाबणाऱ्यांतल्या अनेकांनी गाडी प्रत्यक्ष पाहिलेलीच नसते. खालचा कांदा त्यांच्यासाठी कुणीतरी आधीच वर काढून, दाबून, वास घेऊन कागदावर लिहून ठेवलेला असतो.

बाहेरच्या माणसाला तिथे बोली लावता येत नाही, सभासदच लागतो. लेकीने एक एजंट धरला आणि त्याला वरची मर्यादा सांगून ठेवली, पाच लाख येनच्या आत. पहिल्या काही गाड्या हातून गेल्या. एक निळी होती, ती तिला फार आवडलेली. गुरुवारी सकाळी, आपल्याकडे पाणी यायच्या वेळेला, तिचा मेसेज यायचा: गेली. लिलावाच्या किमतीवर एजंटचा मोबदला, बंदरापर्यंतची वाहतूक, जहाजभाडं, तिकडचा १५ टक्के जीएसटी, तपासणी, नोंदणी. पुकारलेला आकडा आणि घरात पडणारा आकडा यांत मोठं अंतर असतं, हे तिने पहिल्या दिवशीच कागदावर मांडून पाहिलं होतं. आमच्या सोसायटीतल्या एका मुलाने हे ऐकलं आणि तो उत्साहाने वर आला, काकू, आपणही मागवू एखादी. त्याला सांगावं लागलं की आपल्याकडे वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, उतरवायची मुंबई बंदरातच, आणि शुल्क इतकं की गाडीच्या किमतीएवढे पैसे पुन्हा भरूनही भागत नाही. बिचारा चहा पिऊन खाली गेला.

जपानी माणूस इतकी धड गाडी विकतो कशाला, हा प्रश्न अण्णांनाही पडला. कारण तिथलं पासिंग. नवी गाडी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी सरकारी तपासणीतून काढावी लागते, त्याला ते शाकेन म्हणतात, आणि खर्च चांगलाच येतो. गाडी तेरा वर्षांची झाली की कर आणखी वाढतो. त्यात शहरांमध्ये गाडी नावावर करायची तर ती ठेवायला हक्काची जागा आहे हे आधी दाखवावं लागतं. हे ऐकून अण्णांनी खिडकीतून खाली, दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्यांमधून वाट काढणाऱ्या रिक्षेकडे पाहिलं आणि काही बोलले नाहीत. प्रत्येक शाकेनला मीटरचा आकडा सरकारी कागदावर नोंदला जातो, आणि गाडी देशाबाहेर जाताना मिळणाऱ्या दाखल्यावरही तो येतो. मीटर मागे फिरवणाऱ्याची तिथे अडचण होते. हे मात्र अण्णांना मनापासून पटलं.

आमच्या घरात गाडी घ्यायची रीत निराळी होती. पद्मिनी घेतली तेव्हा मी शाळेत होते. गाडी बघायला अण्णा, त्यांचा पाळीतला मित्र, भद्रकालीतले गॅरेजवाले चाचा आणि मी असे गेलो होतो. अण्णांच्या खिशात रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक होतं. चाचा बॉनेट उघडून बोल्टांची डोकी बघत होते, पाना लागलेला बोल्ट रंगावरून ओळखू येतो. अण्णा रुमालासकट चुंबक पत्र्यावरून फिरवत होते. पत्रा असेल तिथे ते हाताला ओढ देतं, पुट्टी भरलेली असेल तिथे ओढ जाते. डाव्या दाराखाली ती ओढ गेली. अण्णांनी माझा हात धरून मला तिथे चुंबक फिरवायला लावलं. आज त्या कागदावर डब्ल्यू२ वाचते तेव्हा माझ्या तळहाताला ती गेलेली ओढ आठवते. मालकाने चहा दिला, पुट्टीचे पैसे कमी झाले, चाचांनी गाडी द्वारका चौकापर्यंत पळवून आणली, आणि रविवारी काळाराम मंदिरापुढे नारळ फोडून आम्ही ती घरी आणली. त्या गाडीच्या सीटांचा उन्हात तापलेल्या रेक्झिनचा वास मला अजून आवडतो.

दुसरी गाडी घेताना चुंबक नेलं नाही.

कारण ती घरच्याच माणसाकडून घ्यायची होती. अण्णांच्या ओळखीतले एक काका, आमच्या प्रत्येक कार्याला आदल्या दिवशी येऊन मंडपाचे बांबू मोजणारे. २००८ च्या सप्टेंबरात गोदावरीला महापूर आला, नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती पाण्याखाली गेली, सराफ बाजार, भांडी बाजार बुडाले. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात काकांनी आपली गाडी आम्हाला दिली. स्वच्छ धुतलेली, पॉलिश केलेली. जूनमध्ये पहिला पाऊस पडला आणि काचा बंद केल्यावर गाडीतून वास येऊ लागला, ओल्या पोत्यासारखा. मग विजेच्या तक्रारी सुरू झाल्या, कधी काच खाली जाईना, कधी दिवे लागेनात. एका रविवारी अण्णा मागच्या सीटवर बसले आणि त्यांनी सीटबेल्टचा पट्टा ओढायला सुरुवात केली. ओढत गेले, ओढत गेले, पार शेवटापर्यंत. तिथे, कधी कुणाच्या अंगावर न येणाऱ्या शेवटच्या वितीवर, गाळाची तांबूस रेघ होती. धुणाऱ्याचा हात तिथवर पोचला नव्हता. अण्णांनी नखाने गाळ खरवडला, बोटांत चोळला, आणि पट्टा सोडून दिला. तो सर्रकन आत गेला. ते काकांना एका शब्दाने बोलले नाहीत. आईने विचारलं तेव्हा म्हणाले, "काय बोलायचं? उद्या तोंड बघायचंय एकमेकांचं."

जपानच्या कागदावर पुरात बुडालेली गाडी असेल तर तसं लिहावं लागतं. हे वाचलं तेव्हा मला राग आला, पंधरा वर्षांपूर्वीचा, तसाच्या तसा. ज्याला आमचं तोंड कधीही बघायचं नाही, ज्याला आमचं नावही ठाऊक नाही, तो गुडघ्यावर बसून बंपरखालचा ओरखडा लिहितो. आणि ज्याने आमच्या घरचे बांबू मोजले त्याने पट्टा धुऊन दिला.

पण गोष्ट तेवढीच असती तर मी हे लिहायला बसले नसते. त्या पावसाळ्यानंतरच्या हिवाळ्यात आईच्या छातीत रात्री दोनला कळ आली. आमची ती गाडी चालूच होईना. अण्णांनी काकांना फोन केला आणि ते गंजीवर शाल गुंडाळून, आपली नवी गाडी घेऊन, अँब्युलन्सच्या आधी दारात उभे राहिले. आईला त्यांनी आणि अण्णांनी खुर्चीत बसवून तीन मजले खाली उतरवलं. सकाळपर्यंत हॉस्पिटलच्या बाकावर बसून होते. उजाडल्यावर बाहेरून थर्मासात चहा आणला आणि पहिला कप मला दिला. आई त्यानंतर बरीच वर्षं होती. ती गाडी आम्ही त्यांच्यामुळे घेतली, ती चालू झाली नाही ती त्यांच्यामुळे, आणि आई वाचली तीही त्यांच्यामुळे. या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. मी त्यांची बेरीज-वजाबाकी करायचा प्रयत्न केला आहे, होत नाही. काका गेले तेव्हा अण्णा स्मशानात शेवटपर्यंत थांबले होते.

लेकीला मी हे सगळं फोनवर सांगितलं. मला तिला विचारायचं होतं ते खरं तर गाडीबद्दल नव्हतंच: तिथे रात्री दोनला तुझ्याकडे कोण येईल? ती जरा थांबून म्हणाली, "आई, मी इथे जुन्या गाड्या विकणाऱ्या दोन यार्डांत गेले होते. माणूस माझ्याकडे बघतो आणि मग किंमत सांगतो. एकाने विचारलं, बरोबर कोणी आलं नाही का. हा कागद माझ्याकडे बघत नाही. मी बाई आहे, बाहेरची आहे, माझं इंग्रजी कसं आहे, त्याला काही फरक पडत नाही." मला गप्प बसावं लागलं. मी स्वतःच्या पगारातून गाडी घेतली तेव्हा इथल्या शोरूममधला मुलगा मायलेज, हप्ता, सर्व्हिसिंग सगळं माझ्या नवऱ्याला समजावून सांगत होता, आणि चेकवर सही माझी होती. माणसाच्या ओळखीत किती ऊब आहे हे मला माहीत आहे. त्या ओळखीत बाईला कुठे बसवतात हेही माहीत आहे. लेक त्या कागदावर इतकी का विसंबते ते मला त्या क्षणी समजलं, आणि तिच्यासाठी बरंही वाटलं. काळजी मात्र जिथल्या तिथे राहिली.

दिंडोरीकडे माझी आत्तेबहीण आहे, द्राक्षबाग आहे त्यांची. तिच्याकडे गेले असताना हा विषय निघाला तेव्हा तिच्या यजमानांनी २०१० ची आठवण काढली. त्या वर्षी क्लोरमेक्वाट नावाच्या रसायनाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली, कंटेनरच्या कंटेनर. वेल फार वाढू नये म्हणून वापरायचं औषध; तोवर इथल्या तपासणीच्या यादीतही ते नव्हतं. "कुठल्या तरी लॅबमध्ये कुणीतरी आमचे चार मणी चिरडले आणि कागदावर आकडा लिहिला," ते म्हणाले. "आम्ही त्याला कधी बघितलं नाही, त्याने आमची बाग बघितली नाही. वर्ष गेलं." बोलण्यात राग नव्हता, एवढ्या वर्षांनी निवलेला होता. आता प्रत्येक प्लॉटची नोंदणी असते, नमुना घ्यायला माणूस येतो, अहवाल आल्याशिवाय काढणी नाही. ते म्हणाले, त्या कागदाने मारलंही आणि शिस्तही लावली. मी गाडी घेणाऱ्याच्या बाजूने विचार करत होते. पेटीत भरून तिकडे जाणाऱ्याच्या बाजूने नाशिकचा माणूस हा प्रश्न कधीपासून जगतोय, हे मला त्यांच्या ओट्यावर बसून कळलं.

त्यांना सगळ्यात पटलेली गोष्ट किड्याची. जपानकडून येणाऱ्या गाड्यांच्या फटीत थंडीच्या दिवसांत एक तपकिरी, घाण वास मारणारा ढेकण्या दडून बसतो. तो द्राक्ष, किवी, सफरचंद सगळं खातो. २०१८ च्या फेब्रुवारीत न्यूझीलंडने गाड्या भरून आलेली जहाजं त्या किड्यापायी किनाऱ्यावरून परत पाठवली. पुढे त्या हंगामात गाड्या किडा मारायची प्रक्रिया करूनच पाठवायचा नियम झाला. लेकीची गाडी त्यामुळे ठरल्यापेक्षा उशिरा निघाली, आणि ती वैतागली होती. आमचे हे बागवाले म्हणाले, "बरोबर केलं त्यांनी. एकदा आत आला की निघत नाही." आणि मिलीबगने खाल्लेल्या घडांचं सांगत बसले.

गाडी पोचली. रुपेरी, तोंडावर थोडी चपटी, मला फोटोत आवडली नव्हती. लेकीने व्हिडिओ कॉलवर ती चालू करून दाखवली. हायब्रिड असल्यामुळे चालू झाल्याचा आवाजच आला नाही आणि अण्णा विचारत राहिले, लागली का, लागली का? मग गाडीतून एक बाई गोड आवाजात काहीतरी बोलली. अण्णा दचकले. ती म्हणते की टोलचं कार्ड यंत्रात घातलेलं नाही, लेकीने सांगितलं. जपानातल्या टोलचं कार्ड. न्यूझीलंडच्या रस्त्यांवर असंख्य गाड्यांमधून ती बाई रोज सकाळी हेच सांगते आणि कुणी तिला गप्प करत नाही. रेडिओची गंमत अशी की जपानात एफएमचे आकडे ७६ पासून सुरू होतात आणि जुने संच ९० ला थांबतात, त्यामुळे हॅमिल्टनची बरीचशी स्टेशनं त्याच्या आवाक्याबाहेर. दाराच्या आतल्या कडेला ऑइल बदलल्याची चिठ्ठी चिकटवलेली होती, पेनाने तारीख आणि किलोमीटर लिहिलेली. अण्णांनी ती चिठ्ठी पुन्हा पुन्हा दाखवायला लावली. कुणीतरी ती वेळच्या वेळी लिहीत आलं होतं.

त्याच कॉलवर त्यांनी कामाला सुरुवात केली. त्यांनी आठवडाभर वाचून ठेवलं होतं. या गाडीची बॅटरी मागच्या सीटखाली असते, तिला थंड ठेवणारी हवा सीटच्या बाजूच्या जाळीतून आत ओढली जाते, आणि ती जाळी धुळीने बुजली की बॅटरी तापून लवकर खराब होते. "मागे जा. सीटच्या कडेला जाळी दिसते? फोन जवळ धर. काढ ती." लेकीने जाळी काढली. मागे करड्या पिसासारखा थर, आणि त्यात आखूड पांढरे केस. "कुत्रं होतं गाडीत," अण्णा म्हणाले. "हे लिहिलंय का त्याने?" एजंटने पाठवलेल्या इंग्रजी भाषांतरात तसं काही नव्हतं. लेकीने मूळ कागद काढला, तपासणाऱ्याच्या चौकटीवर फोन धरला आणि अ‍ॅपने त्या घाईच्या अक्षरांमधून एक ओळ बाहेर काढली: आत प्राण्याचे केस. भाषांतर करणाऱ्याने गाळलेली ओळ. अण्णा खुर्चीत मागे टेकले. "त्याने लिहिलंय. पुढच्याने खाल्लंय. त्याची चूक नाही." हे ते दोनदा म्हणाले, जणू त्या माणसावर कुणी आरोप केला होता.

मग म्हणाले, ब्रशने साफ कर, पाणी लावू नकोस. लेकीने केलं. मग म्हणाले, आता खाली उतर, मागच्या डाव्या टायरवर लंबगोलात चार आकडे असतील, ते वाच. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ती म्हणाली, अण्णा, बाहेर पाऊस लागलाय, उद्या बघते.

"आज रात्रपाळी आहे ना तुझी?"

"आहे."

"मग छत्री घे आणि वाच."